मुलांवर अध्ययनशैलीचे शिक्के नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दोन मथळे ठरलेले असतात: कोकण विभाग अव्वल आणि मुलींची बाजी. २०२५ मध्ये कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्यात ९६.१४ टक्के मुली आणि ९२.३१ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. आकडे खरे आहेत. पण ‘मुली मुळातच अभ्यासू, मुलग्यांची बुद्धी हातात’ असा जो अर्थ त्यातून काढला जातो तो खरा नाही, आणि तो वर्गात शिरला की नुकसान करतो. दुसरा शिक्का शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून येतो. अध्ययनशैलीची प्रश्नावली भरून घ्यायची आणि हा ‘पाहून शिकणारा’, ती ‘ऐकून शिकणारी’, तो ‘करून शिकणारा’ अशी वर्गाची वाटणी करायची.

ही वाटणी संशोधनात टिकलेली नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने मुले जास्त शिकतात, असे म्हणायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे कोणी नाकारत नाही, पण आवड म्हणजे क्षमता नव्हे. बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारची असते हा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत १९८३ मध्ये मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनीही बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली या वेगळ्या गोष्टी आहेत, असे स्पष्ट केले आहे. तरी प्रशिक्षणाच्या पडद्यावर दोन्ही एकाच रकान्यात नांदतात.

कसे शिकवायचे हे मुलावरून नव्हे, घटकावरून ठरते. सावित्रीपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्या नकाशा पाहिल्याशिवाय समजत नाहीत, कविता कानावर पडावीच लागते आणि अपूर्णांक हाताळावा लागतो. हे प्रत्येक मुलाला लागू आहे.

अपूर्णांकाचेच घ्या. ‘एक छेद तीनपेक्षा एक छेद चार मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे’ ही चूक चौथी-पाचवीत हमखास होते. त्यावर कागदाच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या पुरतात. एकीचे तीन समान भाग करायचे, प्रत्येक ८ सेंटिमीटरचा. दुसरीचे चार, प्रत्येक ६ सेंटिमीटरचा. एकेक भाग शेजारी ठेवला की मोठा कोणता हे सांगावे लागत नाही. मग वहीत पट्ट्यांचे चित्र, आणि त्या चित्राखाली त्याच तासाला १/३, १/४ असे चिन्ह. घोळ दोन ठिकाणी होतो. रद्दीतून मिळतील त्या लांबीच्या पट्ट्या घेतल्या तर ‘पूर्ण’च सारखे उरत नाही, म्हणजे तुलना खोटी. दुसरे असे की घड्या घालण्यात तास संपतो, चित्र घाईत उरकले जाते आणि चिन्ह उद्यावर जाते. मुले खूश, पण शिकली घड्या. ज्याला ‘करून शिकणारा’ म्हणून पट्टीवरच थांबवले, तो सहावीत भिन्न छेदांच्या बेरजेला अडतो. मग आपणच म्हणतो, त्याला गणितात गती नाही.

बुद्ध्यंकाबद्दल थोडेच. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये चाचणी तयार केली ती जादा मदत कोणाला हवी हे ओळखण्यासाठी. कोणाच्या डोक्याची कायमची पातळी ठरवण्यासाठी नव्हे. वर्गात आपण ज्याला बुद्धीतला फरक म्हणतो, त्यात आधीचे काय येते, घरची भाषा कोणती आणि काजूच्या हंगामात किती दिवस बुडाले, याचा वाटा मोठा असतो. ‘१२ आंबे ३ मुलांत सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?’ याला मालवणी घरातले पोर गप्प राहिले, तर ‘एकेकाक किती गावतले?’ (एकेकाला किती मिळतील?) असे विचारून बघावे. उत्तर आले तर भागाकार त्याला येतो. तोंडी उत्तर मालवणीत घ्यावे, फळ्यावर तेच प्रमाण मराठीत लिहावे, मध्येच टोकू नये.

आपल्या वाडीवरच्या शाळांत पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असतात. शिक्षण हक्क कायद्याने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक ठरवले आहेत. अशा शाळेत रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवून स्तराप्रमाणे गट करणे ही खरी भिन्नता ओळखण्याची वाट आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ती देशभर वापरली आहे. प्रत्येक मुलाकडून एकट्याने वाचून घ्यायचे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथे अडेल त्याच्या आधीचा टप्पा हा त्याचा गट. गणिताचे गट निराळे करावेत, कारण वाचनात अडणारे मूल हिशोबात पुढे असू शकते. गट महिनाभरात बदलले नाहीत तर त्यांचे ‘ढ’ आणि ‘हुशार’ होतात. मग गुलाब-मोगरा अशी नावे देऊन काही झाकत नाही. नेहमीची चूक म्हणजे मागच्या गटाला फळ्यावरचे उतरवायला लावून शिक्षक पुढच्या गटापाशी बसतात. उलटे हवे.

आता मुलगे-मुली. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ महाविश्लेषणे, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडणारी संशोधने, एकत्र तपासली. बहुतेक मानसिक गुणांत स्त्री-पुरुषांतला फरक अल्प किंवा नगण्य निघाला. वर्गात मोठा फरक दिसतो तो आपल्या वागण्यात. विज्ञानाच्या तासाला परीक्षानळी मुलाच्या हातात आणि निरीक्षणे लिहायला मुलगी, कारण ‘तिचे अक्षर चांगले’. चौघांच्या गटात हाताळणे, मोजणे, लिहिणे, सांगणे ही चार कामे नेमून द्यावीत आणि दर प्रयोगाला एक घर पुढे सरकवावीत. ती फिरवली नाहीत तर दुसऱ्याच प्रयोगाला अक्षरवाली पुन्हा वहीपाशी येते.

प्रश्न विचारण्याचेही तसेच. सहकाऱ्याने मागे बसून २० मिनिटे कागदावर खुणा कराव्यात: प्रश्न मुलाला की मुलीला, ‘काय’ विचारले की ‘का’, आणि उत्तरासाठी किती थांबले. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलतात. हात वर करणाऱ्यालाच विचारत राहिले तर धिटाईलाच हुशारी समजण्याची चूक होते. नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवून काढाव्यात. आधी प्रश्न, मग थांबणे, मग चिठ्ठी. नाव आधी घेतले की बाकीचे निश्चिंत. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकावी, नाहीतर ज्याचे नाव येऊन गेले तो उरलेला तास खिडकीबाहेर बघतो.

शाळासमूहाच्या केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदांत शैलीची प्रश्नावली बंद करून हे २० मिनिटांचे निरीक्षण सुरू करावे, अशी विनंती आहे. खर्च एका कागदाचा. मात्र तो कागद ज्याचा वर्ग त्या शिक्षकाकडेच राहू द्यावा. तो गोपनीय अहवालाला जोडला, तर पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांतून मुलामुलींना अगदी समसमान प्रश्न विचारल्याचे आकडे येतील.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख, कणकवली