शब्दाबरोबर त्याचं गावही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शालेय पानावर दर मंगळवारी पाच इंग्रजी शब्द येतात. स्पेलिंग, उच्चार आणि मराठी अर्थ. मी ते कापून ठेवते. निवृत्त झाले तरी गल्लीतली चार-पाच पोरं संध्याकाळी ओट्यावर अभ्यासाला येतात, त्यांना ते कामी येतात. गेल्या मंगळवारी त्यात 'क्लू' हा शब्द होता. अर्थ दिला होता 'सुगावा'. अर्थ बरोबरच आहे, तरी मला चुटपुट लागून राहिली, म्हणून हे पत्र.

क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थिसियस क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात राक्षसाला मारायला निघाला, तेव्हा राजकन्येने त्याच्या हाती सुताचा गुंडा दिला. तो उलगडत तो आत गेला आणि त्याच सुताच्या मागाने बाहेर आला. तेव्हापासून वाट दाखवणारी खूण ती क्लू. आणि आपल्याच अंकाच्या पहिल्या पानावर त्या दिवशी बातमी होती: 'चोरीचे धागेदोरे पोलिसांच्या हाती'! इंग्रजांनाही वाट सुतानेच दाखवली, आपल्यालाही सुतानेच. कापूस वेचणाऱ्या आईबापाच्या पोराला एवढं सांगितलं, तर तो शब्द त्याला घोकावा लागेल का?

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा माझी निम्मी नोकरी झाली होती आणि इंग्रजीची मला धास्ती होती. त्या धास्तीचं मूळ माझ्या पाचवीत आहे. 'वेन्सडे' (Wednesday) हा शब्द मी स्पेलिंगमध्ये आहे तसा, मधला 'ड' लावून 'वेडनेसडे' असा वाचला, आणि तळहातावर पट्टी बसली. "तो ड बोलायचा नसतो." मग लिहायचा कशाला, हे विचारायची सोय नव्हती. पुढे तालुक्याच्या वाचनालयातल्या एका जाड शब्दकोशात उत्तर सापडलं. तो वोडेन नावाच्या देवाचा वार आहे. 'ड' त्या देवाच्या नावातला आहे, बोलण्यातून झिजला आणि लिहिण्यात राहिला. रोमन लोक त्याच वाराला मर्क्युरीचा वार म्हणत. युरोपच्या उत्तरेकडच्या लोकांनी मर्क्युरीच्या जागी आपला वोडेन बसवला. मर्क्युरी म्हणजे आपला बुध. म्हणजे त्यांचा वेन्सडे आणि आपला बुधवार एकाच ग्रहाचे. त्या रात्री मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

तेव्हापासून वही सुरू केली. वडील जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, रुईच्या गाठींचा हिशेब ठेवायचे. त्यांची एक कोरी रोजमेळाची वही घरात पडून होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात पहिला शब्द 'जीन' हाच लिहिला. आपण सगळे म्हणतो, 'गाडी जीनवर गेली', 'जीन बंद आहे'. तो 'इंजिन'चाच तुटलेला तुकडा आहे. इंजिनचं मूळ लॅटिन 'इंजेनियम', अर्थ उपजत बुद्धी. त्यातल्या 'जेन'चं आपल्या 'जन्म'मधल्या 'जन्'शी सख्खं नातं आहे. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राच्या नावात जन्म आहे, हे वडील असताना त्यांना सांगायला मिळालं नाही.

माझा सगळ्यांत लाडका शब्द मात्र 'लेडी'. तिसरीच्या वर्गात धडा चालला होता आणि पोरं सुरात म्हणत होती, लेडी म्हणजे बाई. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, सकाळी पीठ कोणी मळलं? सगळे म्हणाले, आईने. मग सांगितलं, हजार वर्षांपूर्वी हा शब्द 'ह्लॅफडिगे' असा होता. ह्लाफ म्हणजे त्यांची भाकर, डिगे म्हणजे मळणारी. 'लॉर्ड' म्हणजे त्या भाकरीचा राखणदार. मागच्या रांगेतली एक मुलगी, जिची आई रोजाने निंदणीला जायची, उभी राहिली. "बाई, मंग मनी माय बी लेडीच शे ना?" मी म्हटलं, शेच. ती खाली बसली, पण तास संपेपर्यंत तिचं तोंड फुललेलं होतं. तो शब्द त्या वर्गात पुन्हा कोणाचा चुकला नाही.

मागाहून कळलं की त्या 'डिगे'चा धातू आपल्याकडेही आहे. संस्कृतात 'दिह्' म्हणजे लिंपणे, त्यातूनच 'देह'. मळलेली कणीक आणि माणसाचं शरीर मुळात एकाच शब्दाच्या पोटातले.

असे कितीतरी. 'विंडो' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत वाऱ्याचा डोळा, आपला 'गवाक्ष' गाईचा डोळा. 'ऑरेंज' हे आपलं नारिंगच, वाटेत 'न' गळालेलं.

एक विनंती जपून करते. अशा गोष्टी छापताना तपासून छापाव्यात. 'न्यूज' म्हणजे इंग्रजीतल्या चार दिशांची आद्याक्षरं, असं मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात सांगितलं. ते खोटं निघालं. न्यूज म्हणजे नुसतं 'नवं'चं अनेकवचन, नव्या गोष्टी. ज्या मुलांना मी चुकीचं सांगितलं, ती आता संसाराला लागली. त्यांच्यातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी दुरुस्त करून घ्यावं.

माझं म्हणणं इतकंच आहे की, पाचाऐवजी एकच शब्द द्या, पण तो कुठून निघाला, कोणाच्या तोंडून फिरला, तेही द्या. सुरुवात 'ब्रिंजल'पासून करावी. संस्कृत 'वातिंगण' इराणात जाऊन 'बादिंगान' झालं, अरबांकडे 'अल-बादिंजान', पोर्तुगीजांकडे 'बेरिंजेला', आणि त्यांच्या जहाजांतून इकडे परत येऊन इंग्रजीत 'ब्रिंजल'. फ्रान्स-इंग्लंडात त्याच अरबी शब्दाचं 'ओबर्जिन' आहे. अमेरिकेत मात्र 'एगप्लान्ट', कारण हे इंग्रजी नाव पडलं तेव्हा डोळ्यांसमोर असलेली वांगी अंड्यासारखी पांढरी होती. आणि आपलं 'वांगं' त्याच वातिंगणाचं घरी राहिलेलं लेकरू. माझं माहेर यावल तालुक्यातलं, बामणोदच्या वांग्यांच्या शिवारातलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते.

चातुर्मासात सोडलेली वांगी चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येतात. त्या आठवड्यात खान्देशात घरोघरी आणि शेताशेतात काड्यांवर वांगी भाजली जातील. तो मंगळवार 'ब्रिंजल'ला द्यावा. वही मी आपल्या कार्यालयात आणून देईन. फक्त वडिलांची आठवण आहे, तेवढी काम झाल्यावर परत मिळावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
पारोळा, जि. जळगाव