खजुराच्या नर झाडालाही नाव असावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावरील खजूर लागवडीचा लेख वाचला. जाती, अंतर, ठिबक, खते सगळे नीट आले होते. परागीकरणाला मात्र एकच ओळ मिळाली, ‘नराचा पराग मादी फुलांवर टाकावा.’ कोणत्या नराचा, ते नव्हते. माझी तक्रार तेवढ्यावरच आहे.

खजुरात नर झाड वेगळे, मादी वेगळी. म्हणून हाताने पराग देण्याचे काम हजारो वर्षे चालत आले आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, म्हणजे इ.स.पू. 18व्या शतकात, हे काम न करणाऱ्या माळ्याने शेजारच्या बागेच्या उत्पन्नाप्रमाणे भरपाई द्यावी, असे कलम आहे. आपण मात्र कुठल्याही बियांपासून उगवलेल्या नराचा तुरा आणतो आणि झाडावर चढतो.

पराग फक्त फळ धरवतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कॅलिफोर्नियात खजूर संशोधक रॉय निक्सन यांनी 1920च्या दशकात वेगवेगळ्या नरांचे पराग वापरून पाहिले. फळाचा आकार, बी आणि पिकण्याची वेळ, तिन्ही बदलले. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी 1928 मध्ये याला ‘मेटाझेनिया’ हे नाव दिले. गर पूर्णपणे आईच्या पेशींचा, तरी त्यावर बापाची छाप उमटते, हे मला आजही विलक्षण वाटते. पिकताना पाऊस आला की फळ फुटते, आंबते. तिथे आठवडाभर लवकर पिकवणारा नर म्हणजे हाती आलेले पीक.

मी एकाच झाडाच्या दोन घडांना दोन नरांचा पराग दिला आणि लाल-निळे दोरे बांधले. लाल दोऱ्याच्या घडातली बी बारीक निघाली, गर जाड. झाड एक, पाणी एक, खत एक.

एका वर्षी मात्र ओलसर जागी ठेवलेला जुना पराग वापरला. एकेका फुलाच्या जागी तीन-तीन बारीक, बिनबियांची फळे चिकटून राहिली. फुलात तीन बीजकोष असतात. फलन झाले की एक वाढतो, दोन गळतात. नाही झाले तर तिन्ही तसेच राहतात. पराग सावलीत वाळवून कोरड्या, थंड जागी ठेवायचा, पोय (फुलोऱ्यावरचे आवरण) उकलल्यावर थोड्याच दिवसांत द्यायचा, लगेच पाऊस झाला तर पुन्हा द्यायचा. ही शिस्त आता मोडत नाही. घडांची विरळणीही हवीच.

रोपवाटिका मादी रोपावर जातीची चिठ्ठी लावतात, नराला नुसते ‘नर’ म्हणतात. तिथेही जात लिहावी. कृषी विद्यापीठांनी कोणत्या मादीला कोणता नर चांगला, हे तपासून सांगावे. आणि आपल्या पानावर पुढचा खजुराचा लेख येईल, तेव्हा त्यात नराच्या जातीला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक खजूर बागायतदार