पट्टी काळी चार

प्रिय ताई,

नाटकाचा प्रयोग होऊन आठ दिवस झाले, तरी आठवलं की गळा दाटून येतो. समोर उभं राहून बोलणं जमणार नाही, म्हणून हे पत्र.

लखनौहून सांगलीला आलो तेव्हा लेक सात वर्षांची होती. आम्ही मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. नव्या शाळेत ती फळ्याला 'फला' म्हणाली आणि वर्ग हसला. बाईंनी मुलांना गप्प केलं नाहीच, वर तिला तो शब्द दहादा म्हणायला लावला. त्या दिवसापासून ती वर्गात बोलेनाशी झाली. पुढे शिकवणीत 'माझा-माझी-माझं'चे तक्ते पाठ करून झाले, 'मुलीची जीभ जड आहे' हेही ऐकून झालं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी तिला पेटीशी बसवलंत, तिच्या गाण्याचा मूळ सूर, म्हणजे पट्टी, पेटीच्या चौथ्या काळ्या स्वरपट्टीवर शोधलात आणि म्हणालात, "तुझी पट्टी काळी चार. कुणी विचारलं तर सांगायचं." रिक्षात घरी येईपर्यंत ती तेच घोकत होती. 'काली'ची 'काळी' कधी झाली, मला कळलंही नाही. मग पदं आली. 'माझी वेणी, माझा गजरा, माझं आभाळ' तालावर, हातवाऱ्यांसकट इतक्यांदा म्हटलं की कुठे 'माझा' आणि कुठे 'माझं' हे तिच्या तोंडातच बसलं. गाताना शब्द लांबतो. 'ळ'साठी जीभ मागे वळवायला तिला तेवढी सवड मिळाली.

आणि तो प्रयोग. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, त्या गावात माझी मुलगी तोंडाला रंग लावून उभी होती. पदं छान झाली. मोठं गद्य वाक्य आलं आणि ती अडली. विंगेतून कुणीतरी शब्द सुचवू लागलं. तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत आणि पेटीवर काळी चार हलकेच धरून ठेवलीत. संगीत नाटकात सूर पदाआधी देतात, तुम्ही गद्याआधी दिलात! तिने तुमच्याकडे पाहिलं आणि अख्खं वाक्य बोलली.

भरल्या नाट्यगृहात तुम्ही तिच्यासाठी थांबलात, ताई. अडखळणाऱ्या पोराकडे न हसता, न रागावता नुसतं थांबणारं माणूस किती थोड्यांच्या वाट्याला येतं.

काल ती विचारत होती, "आई, मी मोठी झाले की माझी पट्टी बदलेल का गं?" मला सांगता येईना. रविवारी पाठवते, तुम्हीच सांगा.

तुमच्या विद्यार्थिनीची आई