घोट्याचं काढणार नव्हते

22 सप्टेंबर 2025

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आज घट बसले. सकाळपासून हात कामात होते, पण चित्त तुझ्या कालच्या फोनवर. ‘सगळा संघ टोकियोहून हात हलवत आला आणि तू सर्वेशच्या सहाव्या नंबरचं कौतुक सांगतेस,’ असं म्हणून तू फोन ठेवलास. मी त्याआधी एवढंच विचारलं होतं, की घोटा कसा आहे.

घोट्याचं आता काढत नाही. टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेला गेलेल्या आपल्या संघाचं बोलते.

पदक एकही नाही, खरं आहे. पण सचिन यादव पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला आणि 86.27 मीटरवर चौथा आला. तिसऱ्याचा भाला 86.67 वर पडला. मधले चाळीस सेंटिमीटर मी शिवणाच्या टेपवर बोटांनी धरून पाहिले. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतही भरत नाहीत. आणि सर्वेश कुशारे! आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा मुलगा, मक्याच्या भुश्यावर उड्या मारून शिकलेला. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय, आणि तिथे 2.28, स्वतःची आजवरची सर्वांत उंच उडी. मंगळवारी तो आडव्या दांडीवरून पलीकडे गेला तेव्हा मी देवासमोर उभी असल्यासारखे हात जोडले होते. तुझा प्रकार आहे रे तो. मला सहावा नंबर लहान कसा वाटेल?

नीरजचं म्हणशील, तर 2023 साली बुडापेस्टला त्याने 88.17 वर सोनं आणलं. यंदा सोनं 88.16 ला गेलं, एक सेंटिमीटर कमीच. आणि तो 84.03 वर आठवा. हात तोच, माणूस तोच. पाठ दुखत होती. दुखऱ्या अंगाने उतरलं की असं होतं, आणि धावपटू अविनाश साबळे तर मोनॅकोत शर्यतीत पडला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टोकियोला जाताच आलं नाही. एवढे डॉक्टर, फिजिओ हाताशी असणाऱ्यांची ही गत, मग तू त्या होस्टेलवर गरम पाण्याची पिशवी लावून कुणाला फसवतोस? सुजेवर शेक द्यायचा नसतो, हे तुला मी सांगायला हवं?

रागावू नकोस. पुन्हा तिथेच आले. खेळातलं तुला कळतं, मला नाही.

पण गणपतीत तू जिना उतरताना मी पाहिलं. आडवा होऊन, कठडा धरून, दर पायरीला आधी डावा पाय. माई आत्याने हाक मारली की सरळ उतरायचास. उडी घेतोस तो डावा पाय. तुझे बूट मी दहा वर्षं धुतलेत, डावा नेहमी आधी फाटतो. या वेळी दोन्ही सारखेच होते. मी काही बोलले नाही. अण्णांनाही सांगितलं नाही.

गच्चीवर कपड्यांची दोरी मी बांधायची आणि तू पलीकडच्या गाद्यांवर पडायचास, ते आठवतं? ‘आई, अजून एक बोट वर.’ मी अर्धंच बोट वर करायची, तू पडू नयेस म्हणून. एकदा तुला ते कळलं आणि तू दोन दिवस बोलला नाहीस. दोरी खुंटीला दोनदा गुंडाळायची, तरी माझ्या हाताला ओढ लागायची. नववीत तू राज्याला गेलास तेव्हा मी ती दोरी काढून कपाटात ठेवली. अजून आहे.

निवड चाचणीला उतरू नकोस असं म्हणणार नाही. म्हणायचं होतं, तीनदा लिहून खोडलं.

बुधवारची सुट्टी टाकली आहे. पहाटेच्या एसटीने येते. आधी एमआरआय काढू, मग तुझ्या सरांशी तू बोल, मी बाहेर बसेन.

तुझी,
आई

ता. क. बर्फ कापडात गुंडाळून लाव, थेट नको.