सिंधुपाल्चोकच्या अनोळखी हातांना

२५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून चर्चची उपासनाही त्याच दिवशी असते. दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा कितीतरी मंडळ्या उपासनेला बसलेल्या होत्या. अडीच वर्षांनी आमच्या नगरच्या मंडळीतले आम्ही नऊ जण नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका पडलेल्या प्रार्थनाघराच्या बांधकामाला गेलो. हे आभार आम्हाला ज्यांनी सांभाळलं त्यांचे.

ज्या गवंडीदादांनी माझी रचलेली भिंत शांतपणे उतरवली आणि भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठे बसवायचा ते हाताला धरून शिकवलं, त्यांचे आधी. तो दगड नसला की भिंतीचे दोन थर हादऱ्याने सुटे होतात. मला किल्लारी आठवलं, १९९३ ची. तिथेही दगड-मातीच्याच भिंती माणसांवर कोसळल्या होत्या.

कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून पाठीवरच्या डोको नावाच्या टोपलीतून वाळू वर आणणाऱ्या दिदी, तुमच्या एका खेपेत माझ्या दोन मावत. स्वतः अजून पत्र्याच्या खोलीत राहत असताना तुम्ही आम्हाला रोज ढिंडो (पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) वाढलंत. दरड कोसळलेल्या रस्त्यावर आमची जीप ढकलणारी पोरं तर नावही न सांगता निघून गेली.

तुम्हा सगळ्यांना मनापासून जयमसीह.