कॉलेजनंतरचे पहिले बावन्न आठवडे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मे महिन्यात तिथल्या अमेरिकी कॉलेजच्या टेनिस टीमची स्पर्धा संपली की जूनपासूनच टेनिसच्या व्यावसायिक स्पर्धांना नाव द्यायचं का, आणि दिलं तर कुठे, असं तू विचारलंस. फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते. पदवी हातात घे, जूनमध्येच सुरुवात कर आणि पहिल्या वर्षाचा हिशेब आठवड्यांत मांड, असं माझं मत आहे. तुझा फोरहँड दोन वर्षांत कुठे जाणार नाही. आठवडे आणि पैसे मात्र बघता बघता संपतात.

आधी खेळाबद्दल. चार वर्षं तू ‘नो-अ‍ॅड’ खेळलास. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाली की एकच गुण, बाजू रिटर्न करणारा निवडणार, आणि गेम संपला. त्यामुळे ड्यूसला रिटर्नवर जोरात तुटून पडायची तुला सवय झाली आहे, आणि तिथे ते बरोबरच होतं. व्यावसायिक एकेरीत गेम घ्यायला सलग दोन गुण लागतात. चांगली सर्व्हिस असलेला खेळाडू ब्रेक पॉइंट, म्हणजे तो गमावला तर सर्व्हिसचा गेम जाईल असा गुण, वाचवून पुन्हा ड्यूसवर येतो, परत वाचवतो आणि गेम घेऊन जातो. कॉलेजमधून आलेले खेळाडू पहिल्या महिन्यांत इथेच चिडतात. हातातली संधी गेली असं त्यांना वाटतं, पण गेम अजून चालूच असतो. एप्रिलपासून सरावाचे सेट अ‍ॅडव्हांटेजने, म्हणजे याच दोन गुणांच्या पद्धतीने, खेळ. दुसरी गोष्ट, टीमला लढत जिंकायला लागणारे चार गुण झाले की बाकीच्या कोर्टांवरचे सामने बऱ्याचदा अर्धवट थांबवले जातात. तुझे तिसरे सेट असे किती सुटले असतील ते मोजून बघ. सामना शेवटपर्यंत ओढून नेण्याचा सराव तुला वाटतो त्याहून कमी झालेला असणार.

दुहेरीत मात्र तू आधीच तयार आहेस. व्यावसायिक दुहेरीतही नो-अ‍ॅडच असतं, फक्त तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो. टीमचा दुहेरीचा गुण मिळवताना शिकलेलं सगळं तिथे जसंच्या तसं कामी येतं. म्हणून प्रत्येक आठवड्यात दुहेरीलाही नाव देत जा. जोडीदार ठरला की खोलीचं भाडं निम्मं होतं, आणि एकेरीत पहिल्याच दिवशी हरलास तरी आठवडा वाया जात नाही.

आता रँकिंगच्या गुणांचा हिशेब, कारण सगळे निर्णय याच्यावर उभे राहतात. एम१५, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांची सगळ्यांत खालची पायरी, जिंकलं तर १५ गुण, उपविजेत्याला ८, उपांत्य फेरीला ४, उपांत्यपूर्व फेरीला २ आणि मुख्य ड्रॉमधला पहिला सामना जिंकल्याचा १. त्याच्या वरच्या एम२५ मध्ये हेच आकडे २५, १६, ८, ३ आणि १ असे आहेत. त्याहून वरच्या चॅलेंजर ५० मध्ये ५०, २५, १४, ८ आणि ४. म्हणजे चॅलेंजरच्या मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकलास तर जे चार गुण मिळतात, तेवढ्यासाठी एम१५ मध्ये तीन सामने जिंकावे लागतात. क्वालिफाइंगमधून, म्हणजे मुख्य ड्रॉआधीच्या पात्रता फेरीतून, आलास तर त्याहूनही जास्त. एम१५ च्या क्वालिफाइंगमध्ये तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे तिथे बरा खेळाडूही पाच मिनिटांत घरी जातो. ते मनाला लावून घेऊ नकोस, पण त्या टायब्रेकचा वेगळा सराव ठेव.

यातून दोन चुका होतात. काही जण एम१५ मध्येच रमतात, कारण तिथे जिंकायला मिळतं. वर्ष संपतं तेव्हा ट्रॉफ्या दोन असतात आणि रँकिंग पाचशेच्याही बरंच बाहेर असतं. दुसरे काही जण घाईने चॅलेंजरच्या क्वालिफाइंगला जातात, आठवड्याला एकच सामना खेळून हरतात, आणि दोन महिन्यांत सामन्याची लयच हरवून बसतात. मला दुसरी चूक जास्त महाग वाटते. गुण तर मिळत नाहीतच, खेळणंही होत नाही. तू असं कर: आपल्या पातळीवर तीनपैकी दोन सामने जिंकत असशील तर वर जा, निम्म्याहून कमी जिंकत असशील तर खाली ये. तीन आठवड्यांचा गट धरलास तर दोन आठवडे जिथे जिंकू शकतोस तिथे आणि एक आठवडा वरच्या पातळीवर. मग किमान एक आठवडा सराव आणि विश्रांती.

आयटीएच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेज टेनिसच्या संघटनेच्या, क्रमवारीत तू शेवटी कुठे राहतोस याला म्हणूनच आता फार किंमत आहे. २०२३ मध्ये एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) आणि आयटीएने मिळून जी योजना सुरू केली, तिच्यात हंगामाच्या शेवटी पहिल्या दहांत असलेल्यांना चॅलेंजर ५० आणि ७५ च्या मुख्य ड्रॉमध्ये आणि ११ ते २० क्रमांकाच्या खेळाडूंना क्वालिफाइंगमध्ये राखीव जागा मिळतात. एरवी त्या जागेपर्यंत पोचायला वर्ष, कधी दोन वर्षं जातात. शेवटच्या महिन्यातल्या टीम सामन्यांत तुझा एकेक निकाल या जागांवर परिणाम करतो, तेव्हा ‘आता काय, सीझन संपतच आलाय’ असं मनात आणू नकोस. कोचला विचारून यंदाचे नेमके नियम लेखी घे.

गेल्या जुलैत मिळवलेले तुझे थोडे गुण ५२ आठवडे झाले की या जुलैत गळतील. त्यामुळे रँकिंग एकदम खाली गेलेलं दिसेल. घाबरू नकोस. मात्र नोंदणीच्या यादीत तुझा क्रमांक त्या आठवड्यात घसरेल, हे धरून जूनच्या स्पर्धा आधी निवडून ठेव.

नोंदणीचं वेळापत्रक भिंतीवर लावण्यासारखं आहे. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम१५, एम२५ अशा स्पर्धेसाठी नाव देण्याची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते, आणि दंड न होता नाव मागे घेण्याची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी. वेळ ग्रीनिचची असते, तुझ्या घड्याळाची नाही. दर हंगामात कुणीतरी यातच फसतं. एकाच आठवड्यात अनेक स्पर्धांना पसंतीक्रमाने नाव देता येतं, पण एकदा यादी गोठली की दुसरीकडे खेळता येत नाही. विमानाचं तिकीट मंगळवारनंतरच काढ. यादीत ऑल्टरनेट, म्हणजे जागा रिकामी झाली तर आत येणारा, असशील तर ठरलेल्या वेळेत स्वतः जाऊन सही करावी लागते, पाच मिनिटं उशीर झाला तरी जागा गेली. आजवर हे सगळं टीमचा माणूस बघायचा.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते. एम१५ च्या एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. आयटीएफने २०१३ ची आकडेवारी घेऊन पाहणी केली होती. कोच न घेता, नुसतं फिरणं, राहणं, जेवण, गटिंग (रॅकेटला तारा लावणं) वगैरे धरून पुरुष खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी ३८,८०० डॉलर निघाला, आणि खर्च-उत्पन्नाचं तोंड ३३६ व्या क्रमांकाच्या आसपास जुळत होतं. त्यानंतर विमानं आणि हॉटेलं स्वस्त झालेली नाहीत. पण ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगला पोचलास की चित्र बदलतं: २०२४ च्या यूएस ओपनमध्ये तिथल्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला २५,००० डॉलर मिळाले. त्यासाठी साधारण पहिल्या अडीचशेच्या आत यावं लागतं. त्यामुळे पहिल्या वर्षी कमाईची अपेक्षा आम्हाला नाही, तूही ठेवू नकोस. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून ३० टक्के कर जागेवरच कापतात. विवरणपत्र भरताना खर्च दाखवता येतो, म्हणून प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेव. आणि विद्यार्थी व्हिसावर बक्षिसाची रक्कम घ्यायच्या आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचार, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

उन्हाळा अमेरिकेतल्याच एम१५ आणि एम२५ मध्ये घालव. कोर्टं ओळखीची, प्रवास कमी. त्यानंतर मोनास्तीर (ट्युनिशिया), शर्म अल-शेख (इजिप्त) किंवा अंताल्या (तुर्कस्तान) यांपैकी एक निवड. तिथे एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडा एम१५ होतात. विमान एकदाच, हॉटेल एकच. बऱ्याचदा ठरलेल्या हॉटेलातच राहण्याची अट असते, तो दर आधी बघ. मला अंताल्या जास्त पसंत आहे, कारण तिथे मातीची कोर्टं आहेत आणि तू सगळं कॉलेज हार्ड कोर्टवर काढलंस. मातीवर चार आठवडे खेळलास तर पॉइंट बांधायला शिकशील. पाचव्या आठवड्याला मात्र तिथे थांबू नकोस. तेच कोर्ट, तेच चेहरे, तेच जेवण, आणि हरल्यावर बोलायला कुणी नाही. तिथे खेळाच्या आधी मनच कंटाळतं.

आता सामानाचं. टीमच्या खर्चाने गटिंग व्हायचं, ते आता तुझ्याकडे. पॉलिएस्टरची २०० मीटरची रीळ घे. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागतात, म्हणजे सोळा रॅकेटी होतात. तुटत नाही म्हणून पॉलिएस्टर ओढत राहू नकोस, त्याचा ताण तुटण्याच्या फार आधी मरतो, आणि मग चेंडू लांब जायला लागला की हात आखडतो. कोपर दुखायला लागण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दर आठवड्याला चेंडूची कंपनी बदलेल. चेंडू जड वाटला तर अर्धा ते एक किलो ताण कमी कर आणि वहीत लिहून ठेव. स्पर्धेच्या जागी फिजिओ बहुतेक एकच असतो आणि रांग मोठी. पाय आणि खांद्याचा रोजचा वीस मिनिटांचा व्यायाम स्वतःच करायचा.

एक गोष्ट जरा कठोरपणे लिहिते. छोट्या स्पर्धांवरही जुगार चालतो. कुणी एक सेट सोडायला पैसे देऊ केले, किंवा नुसतं ‘तुझ्या जोडीदाराचा घोटा दुखतोय का’ एवढंच विचारलं, तरी आयटीआयएला, म्हणजे टेनिसमधल्या भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, लगेच कळवायचं. नकार देऊन गप्प बसणं हासुद्धा नियमभंग धरतात. हरल्यावर फोनवर घाणेरडे संदेश येतील. ते पैसे गमावलेल्या अनोळखी माणसांचे असतात. सामन्यानंतर दोन तास फोन बंद ठेव. सर्दीच्या गोळ्या आणि प्रोटीनची पावडरसुद्धा उत्तेजकांच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नकोस.

इतरांच्या वेगाशी तुलना करशील, म्हणून हेही लिहिते. बेन शेल्टन २०२२ मध्ये एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकून दोन वर्षांतच कॉलेज सोडून गेला आणि पुढच्याच वर्षी यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत होता. सोमदेव देववर्मनने चारही वर्षं पूर्ण केली, २००७ मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉन इस्नरला हरवलं, २००८ लाही जिंकला आणि २०११ मध्ये ६२ व्या क्रमांकापर्यंत गेला. आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेला व्हॅलेन्टिन व्हाशरो २०२५ मध्ये २०४ व्या क्रमांकावर असताना क्वालिफाइंगमधून येऊन शांघाय मास्टर्स जिंकला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तुला तीन वर्षं देण्याची आमची तयारी आहे. अठराव्या महिन्यात एकदा बसून आकडे बघू: सामने किती खेळलास, कुठल्या पातळीवर, आणि शरीर कसं आहे. रँकिंग त्या यादीत शेवटी.

युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि आपल्या पासपोर्टावर व्हिसाची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जातात. तेव्हा युरोपचा बेत असेल तर अर्ज आत्ताच करावा लागेल. पासपोर्टची मुदत कधी संपते आणि कोरी पानं किती उरली आहेत, ते आज रात्री बघून कळव.

तुझी,
आई