शक्यतेच्या रकान्यातील खाडाखोड

मा. संपादक,
स. न.

रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षेवरील आपल्या कालच्या लेखात प्रत्येक कारखान्याकडून जोखीम विश्लेषणाचा अहवाल सक्तीने घ्यावा, असा उपाय सुचवला आहे. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु असे अहवाल तयार होताना ज्याने पाहिले आहेत, त्याला हे वाचून संताप येतो. अहवाल आजही फायलीत आहेतच. त्यांतले आकडे कोण भरतो आणि नंतर कोण बदलतो, हे लेखात कुठेच विचारलेले नाही.

कोकणातील एका रासायनिक कारखान्यात मी उत्पादन विभागात होतो. तिथल्या एका रिअॅक्टरमधील अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी होती. अशा वेळी जॅकेटमधले, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या आवरणातले, थंड पाणी थांबले की तापमान चढते, तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग वाढतो, वेगाबरोबर उष्णता आणखी वाढते आणि थोड्याच वेळात सारे आवाक्याबाहेर जाते. हॅझॉपच्या, म्हणजे प्रक्रियेत काय बिघडू शकते आणि त्याचे परिणाम काय हे तपासण्याच्या, बैठकीत आम्ही या प्रसंगाची तीव्रता ५ आणि शक्यता ४ धरली. गुणाकार २०, म्हणजे कंपनीच्याच तक्त्यानुसार दुरुस्ती होईपर्यंत उत्पादन बंद. दुरुस्ती म्हणजे डिझेलवर चालणारा स्वतंत्र पंप आणि तापमान वाढताच कच्च्या मालाचा पुरवठा आपोआप तोडणारा इंटरलॉक. अंतिम अहवाल हाती आला तेव्हा तीव्रता ५ कायम होती. शक्यता मात्र १ झाली होती आणि समोर ‘राखीव पंप उपलब्ध, ऑपरेटर प्रशिक्षित’ असा शेरा होता. तो राखीव पंप त्या दिवसांत सील गळत असल्यामुळे वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेला होता. रात्रपाळीच्या ऑपरेटरला हे ठाऊक होते, पण त्याला बैठकीला कोणी बोलावलेच नव्हते. मी लेखी हरकत घेतली. ती अहवालाला जोडली गेली नाही. पुढे वर्षभर त्या रिअॅक्टरला काही झाले नाही आणि नंतरच्या आढाव्यात तेच, शक्यता १ असल्याचा पुरावा म्हणून मांडण्यात आले. याचा राग मला आजही आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीसाठी शीतकरण, वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर अशा तीनही व्यवस्था बसवलेल्या होत्या. प्रत्यक्षात शीतकरण बंद होते, फ्लेअरकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती आणि इतका वायू पेलण्याची स्क्रबरची क्षमताच नव्हती. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्यांची माहिती कामगारांना आणि परिसरातील लोकांना देणे बंधनकारक झाले, सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत असेही ठरले. तरीही विश्लेषणाच्या तक्त्यावर पाळीतल्या ऑपरेटरची सही मला क्वचितच दिसली. सक्ती करायचीच असेल तर त्या सहीची करावी, आणि ज्या उपकरणाच्या भरवशावर शक्यतेचा आकडा खाली आणला ते चालू असल्याची नोंद सोबत असल्याशिवाय तो आकडा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने स्वीकारू नये.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. मी डोंबिवलीत राहतो. इथल्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांत कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा घेण्याची आणि बाधित होऊ शकणाऱ्या रहिवाशांना आधीच माहिती देण्याची तरतूद आहे. सायरन कोणत्या प्रकारे वाजला तर घरात दारे-खिडक्या लावून थांबायचे, कोणत्या प्रकारे वाजला तर बाहेर पडायचे आणि वारा पाहून कोणत्या दिशेला जायचे, हे आमच्या इमारतीत आजवर कोणीही येऊन सांगितलेले नाही. रंगीत तालमीची छायाचित्रे मात्र वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि त्यांत अधिकारी व पाहुणे यांच्यापलीकडे फारसे कोणी नसते. आपल्या दैनिकाने जिल्हा प्रशासनाकडून हा आराखडा मिळवून, एमआयडीसीलगतच्या वस्त्यांच्या नावांसह तो पूर्ण छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रसायन अभियंता, डोंबिवली (पूर्व)